मोझेलची रिस्लिंग : थंडी वाढत असताना पिकणारं द्राक्ष

भुसावळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परवा इथल्याच एका धाग्यावर ‘गोड वाईन म्हणजे नवख्यांची वाईन’ असं वाचलं, आणि उदाहरण दिलं होतं जर्मन रिस्लिंगचं. मी नोकरीमुळे कोब्लेंझला राहतो. मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते, ते हे गाव. त्या वाक्याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी जागा समजून घेऊ. मोझेल फ्रान्समधल्या व्होझ डोंगरात उगम पावते आणि सुमारे ५४५ किलोमीटर वाहून कोब्लेंझला ऱ्हाईनमध्ये मिसळते. ट्रियर ते कोब्लेंझ हा तिचा खरा द्राक्षपट्टा. सरळ रेषेत हे अंतर शंभरेक किलोमीटर, पण नदी इतकी वळणं घेते की तिच्या काठानं गेलं तर जवळजवळ दुप्पट होतं. या वळणांमुळेच दर काही किलोमीटरवर एखादा डोंगरउतार थेट दक्षिणेकडे तोंड करून उभा राहतो. अक्षांश जवळपास ५०. आपलं भुसावळ २१ वर. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकायचं तर सूर्य जिथे सरळ अंगावर येतो तीच जागा निवडावी लागते, आणि इथे ती उतारावर आहे. ब्रेम गावचा काल्मोंट नावाचा उतार तर काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत चढतो. खाली उभं राहून वर पाहिलं की वेली भिंतीला टांगल्यासारख्या दिसतात.

जमीन म्हणजे स्लेटचे चपटे तुकडे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ दाबला जाऊन झालेला हा दगड. कुठे निळसर करडा, तर उर्त्सिगसारख्या गावात तांबडा. दिवसभर तापतो, रात्री ऊब सोडतो, पाणी धरून ठेवत नाही. खाली नदी आहे, तिच्यामुळे हवेतले चढउतार जरा सौम्य होतात. आपल्या काळ्या कसदार मातीत वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा प्रश्नच पडतो की यात काही रुजतं कसं.

या जागेत रिस्लिंग बसते, कारण तिचं लाकूड कणखर आहे, हिवाळा सोसतं. फूट उशिरा येते, म्हणून वसंतातल्या हिमकडाक्यातून बऱ्याचदा वाचते. आणि पिकतेही फार उशिरा. जूनमध्ये फुलोरा, तोड ऑक्टोबरमध्ये, कधी नोव्हेंबरपर्यंत. लिखित नोंद १४३५ ची आहे, ऱ्हाईनजवळच्या र्‍युसेल्सहाईममधली, एका सरदाराच्या तळघराच्या हिशेबात. पुढे १७८७ मध्ये ट्रियरच्या शासक आर्चबिशपनं हलक्या जातीच्या वेली काढून चांगल्या लावा असा हुकूम काढला आणि मोझेलवर रिस्लिंगचा जोर वाढला. आज या प्रदेशातलं निम्म्याहून जास्त क्षेत्र तिचं आहे.

आता चव. काबिनेट नावाची जी हलकी, किंचित गोड वाईन इथे होते, तिच्यात अल्कोहोल बहुधा ८ टक्क्यांच्या आसपास. रंग जवळजवळ पाण्यासारखा, हिरवट झाक. वास हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा, कधी पांढऱ्या फुलांचा. साखर लिटरमागे ४० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असू शकते. हा आकडा ऐकला की लोक नाक मुरडतात. पण त्याच लिटरमध्ये आम्ल सात ते नऊ ग्रॅम असतं. चांगल्या पन्ह्यात गूळ आणि कैरी एकमेकांना जसं धरून ठेवतात, तसं इथे चालतं. गोड लागतं आणि तरी घोट संपल्यावर जीभ स्वच्छ होते, तोंडाला पाणी सुटतं. नुसती साखर चाखून या वाईनवर मत देणं म्हणजे तिचा अर्धाच भाग चाखणं.

आणि हा गोडवा वरून घातलेला नाही. पूर्वी तळघरं हिवाळ्यात इतकी गार पडायची की यीस्टचं काम मध्येच थांबायचं आणि द्राक्षाची थोडी साखर तशीच राहायची. आज तेच काम टाकी गार करून आणि गाळून केलं जातं. म्हणजे आम्लही थंडीनं राखलं आणि साखरही थंडीनंच राखली. नवख्यांसाठी म्हणून कुणी मुद्दाम केलेली ही वाईन नाही. त्या हवेतून ती अशीच येते.

सई_अमळनेर

एकदम भारी शे भो! एक विचारते. पुण्यात नणंदेकडे जर्मन रिस्लिंग म्हणून बाटली उघडली होती, ती अजिबात गोड नव्हती. उलट कडक आंबट. मग ती वेगळी का?

भुसावळकर

ताई, तीही रिस्लिंगच. बाटलीवर ‘ट्रोकन’ लिहिलेलं असणार, म्हणजे साखर जवळजवळ सगळी आंबवलेली. जर्मनीत घरोघरी आता तीच जास्त पितात. दुकानात ओळखायची सोपी खूण अल्कोहोलचा आकडा आहे. साडेसात ते नऊ असेल तर साखर उरलेली आहे. साडेअकरा-बाराच्या पुढे असेल तर बहुतेक कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली.

काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही नावं गोडीची नाहीत, तोडीच्या वेळी रसात साखर किती होती याची आहेत. १९७१ च्या कायद्यानं त्या पायऱ्या पक्क्या केल्या. त्यामुळे एखादी श्पेटलेझेही कोरडी असू शकते. इथे लोकांचा फार गोंधळ होतो.

द्राक्षबाग_सटाणा

भाऊ, मी बागलाणातला, पण मामा चाळीसगावचे, म्हणजे निम्मा खानदेशीच. बाग खायच्या द्राक्षाची आहे. वाईनच्या द्राक्षाची काही वर्षं करारावर लागवड केली होती, त्यामुळे लिहायचा मोह आवरत नाही.

तुम्ही आम्लाचं लिहिलंत ते बरोबर, पण ते का टिकतं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. मण्यात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी स्थिर राहतं. मॅलिक मात्र वेल स्वतःच श्वसनात जाळते, आणि हवा जितकी गरम तितकं जास्त जाळते. रात्रीही गरमी असेल तर रात्रीही जळत राहतं. आपल्याकडे मणी नरम पडायला लागला की साखर झपाट्यानं चढते आणि आंबटपणा हातातून निसटतो. म्हणून उष्ण प्रदेशातल्या वायनरीत टार्टारिक वरून घालावं लागतं. त्यात गैर काही नाही, पण मण्यात आपसूक राहिलेलं आम्ल आणि वरून दिलेलं आम्ल जिभेला वेगळं लागतं, असं मला वाटतं.

आता छाटणीचं गणित बघा. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, नव्या काड्या तयार व्हायला, आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, घड यायला. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात मणी फुगतो. मण्यात पाणी उतरतं, म्हणजे तो नरम पडायला लागतो, आणि साखर भरते ती जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत. म्हणजे आपलं द्राक्ष पिकतं तेव्हा पारा चढत असतो. फेब्रुवारी सरता सरता दुपार ३५ च्या पुढे जाते. मोझेलवर मणी पिकतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे पारा उतरत असताना. रोज दिवस लहान, रात्र गार. साखर हळूहळू चढते, वासाची द्रव्यं जमायला वेळ मिळतो आणि आम्ल जागेवर राहतं.

लोक म्हणतात तो थंड प्रदेश आणि हा उष्ण, म्हणून फरक. माझ्या मते नुसतं सरासरी तापमान बघून काही कळत नाही. जळगावात जानेवारीच्या रात्री केळीची पानं करपतील इतकी थंडी पडतेच की. पीक कुठल्या दिशेनं जाणाऱ्या हवेत पिकतंय, हा खरा प्रश्न.

आणखी एक. काबिनेटला तिकडे तोडीची किमान साखर किती लागते?

भुसावळकर

दादा, ही दिशेची गोष्ट मी इथल्या बागाईतदारांकडूनही इतकी स्वच्छ ऐकली नव्हती.

इथे साखर एक्स्ले अंशांत मोजतात. तुमच्या भाषेत काबिनेटची किमान पातळी १७ ब्रिक्सच्या आसपास येते, म्हणजे रसात साधारण १७ टक्के साखर.

द्राक्षबाग_सटाणा

१७! बघा मंडळी. खायच्या द्राक्षाची तोड आम्ही साधारण १८ ला करतो, वाईनच्या द्राक्षाला बावीसच्या पुढे जाऊ देतो. आपल्या बागेतला १७ ब्रिक्सचा मणी वाईनला घेतला तर त्याला वासच नसेल, कारण तो तिथपर्यंत फार घाईनं पोचलेला असतो. त्यांचा मणी १७ ला पूर्ण वयात आलेला असतो. साखरेचा आकडा तोच, पण त्यामागचे दिवस वेगळे.

पांझराकाठ

मी धुळ्यात रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. वाईन क्वचित घेतो, पण विषय माझ्या आवडीचा निघाला म्हणून दोन गोष्टी.

पहिली, रिस्लिंग जुनी झाली की तिला रॉकेल-पेट्रोलसारखा वास येतो असं म्हणतात. हा भास नाही. त्यामागचं संयुग आहे ट्रायमिथाइल डायहायड्रोनॅफ्थलीन, संशोधक त्याला टीडीएन म्हणतात. द्राक्षाच्या सालीत कॅरोटिनॉइड असतात, गाजराच्या रंगातली असतात त्याच कुळातली. त्यांच्या विघटनातून याचे पूर्वघटक तयार होतात आणि बाटलीत, आम्लाच्या सान्निध्यात, वर्षानुवर्षं हळूहळू टीडीएन मुक्त होतं. घडावर ऊन जास्त पडलं तर ते जास्त होतं. म्हणून उष्ण भागातल्या रिस्लिंगला हा वास लवकर येतो. पंधरा-वीस वर्षांच्या मोझेल वाईनला मधाच्या आणि सुक्या जर्दाळूच्या वासासोबत तो हलका आला तर जाणकार खूश होतात. कोवळ्या वाईनला आला तर बरेच उत्पादक तो दोष मानतात. मला हे दोन्ही पटतं.

दुसरी गोष्ट जरा वादाची. ‘स्लेटची चव वाईनमध्ये उतरते’ असं सर्रास लिहिलं जातं. भुसावळकर, तुम्ही तसं लिहिलं नाहीत, बरं वाटलं. स्लेटला स्वतःची म्हणावी अशी चव नाही. वेल मुळांवाटे विरघळलेले आयन घेते, दगड चोखत नाही. त्या आयनांचं वाईनमधलं प्रमाण जिभेला कळण्याइतकंही बहुधा नसतं. स्लेटचं काम ऊब धरणं, निचरा करणं आणि मुळांना खोल जायला लावणं हे आहे. ते काही कमी मोठं नाही.

भुसावळकर

गुरुजी, दगडाच्या चवीबद्दल शास्त्र तुमच्या बाजूनं आहे, मान्य. तरी एक सांगतो. निळ्या स्लेटवरची आणि तांबड्या स्लेटवरची, एकाच उत्पादकाची, एकाच हंगामाची वाईन शेजारी ठेवली तर फरक कळतो. तांबडीवरची जरा मसालेदार, भरीव. निळीवरची ताणलेली, अधिक फुलांच्या वासाची. कारण दगड नसेल. उताराचं तोंड, पाणी, उष्णता असेल. पण गावागणिक फरक आहे, आणि इथले लोक तो पिढ्यान्‌पिढ्या जपत आलेत. वेलेन गावच्या बागेत तर १८४२ साली बांधलेलं सूर्यघड्याळ खडकावर आहे, आणि त्या बागेचं नावच सूर्यघड्याळ. गावकऱ्यांनी घड्याळासाठी जो खडक निवडला, तिथे ऊन किती वेळ टिकतं ते त्यांना ठाऊक होतं.

सई_अमळनेर

मला खाण्याबद्दल लिहायचंय. भावानं परदेशातून काबिनेट आणली होती, मागच्या हिवाळ्यात आम्ही ती भरीत आणि कळण्याच्या भाकरीसोबत घेतली. आमचं भरीत म्हणजे हिरव्या मिरच्या भाजून, लसणासोबत ठेचून घातलेलं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, तेलाचा हात सैल. लाल वाईन यासोबत घेऊन बघितली आहे. मिरचीची आग दुप्पट होते आणि वाईन कडवट लागते. काबिनेटनं उलटं झालं. मिरची होती तिथेच राहिली पण टोचेनाशी झाली, आणि वांग्याचा धुरकट वास पुढे आला.

शेवभाजीसोबत मात्र मला नाही आवडली. काळ्या मसाल्यापुढे ती पार हरवते.

पांझराकाठ

ताई, त्याचं कारण आहे. अल्कोहोल मिरचीची जळजळ वाढवतं, लाल वाईनमधलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, तिला आणखी खरखरीत करतं, साखर ती कमी करते. आठ टक्के अल्कोहोल आणि थोडी साखर, हा मेळ तिखटाला सोयीचा आहे.

माळकरी

माझ्या गळ्यात माळ आहे, मी या वाटेला जात नाही आणि जाणारही नाही. पण शेतकरी आहे, पारोळ्याकडचा, म्हणून सगळा धागा वाचला. मला त्या ६५ अंशांच्या उताराचं कळत नाहीये. तिथे काम कोण करतं? ट्रॅक्टर तर जाणार नाही. मजूर मिळतात का? आमच्याकडे सपाट रानात कापूस वेचायला माणूस मिळत नाही.

भुसावळकर

राम कृष्ण हरी आबा. तुमच्या प्रश्नावर इथल्या गावांचं सगळं भविष्य अडलेलं आहे.

जुन्या पद्धतीत तारा नाहीत. प्रत्येक वेल एकेका लाकडी खुंटाला बांधलेली, काड्या वाकवून बदामासारखा आकार दिलेला. त्यामुळे माणूस उतारावर आडवा चालू शकतो. आता बऱ्याच ठिकाणी एका रुळावर चालणारी छोटी गाडी बसवली आहे. ती माणसं आणि क्रेट वरखाली नेते. फवारणीला हेलिकॉप्टर वापरतात, अलीकडे ड्रोनही आलेत. छाटणी, बांधणी आणि तोड मात्र हातानंच. तोडीला पोलंड, रोमानियाकडून मजूर येतात. पावसानं स्लेट घसरून खाली येते, ती परत वर नेऊन टाकायची हे कामसुद्धा पूर्वापार चालत आलेलं. सपाट बागेपेक्षा कित्येक पट तास लागतात आणि बाटलीचा भाव त्या मानानं वाढत नाही. त्यामुळे सगळ्यात तीव्र उतारांवरच्या बऱ्याच बागा सोडून दिल्यात, तिथे झुडपं माजलीत. ते पाहून जीव तुटतो. बांध पडला की बाग परत उभी करणं जवळपास अशक्य असतं.

माळकरी

म्हणजे उत्तम जमीन आणि उत्तम माल असून हिशेब जुळत नाही. इथून तिथून तेच. माहितीबद्दल आभारी आहे.

शहाद्याचा_निलेश

काका मंडळी, माझा एक प्रश्न. आपल्याकडे तोरणमाळ आहे, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची. उन्हाळ्यातही रात्री गार असतात. तिथे रिस्लिंग लावली तर? नाशिकला सुला वायनरीनं रिस्लिंग केलीच आहे की.

द्राक्षबाग_सटाणा

निलेश, प्रश्न चांगला आहे, नीट उत्तर देतो.

उंचीनं गारवा मिळतो, दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंश. पण उंचीनं ऋतूंचा क्रम बदलत नाही. तोरणमाळलाही फेब्रुवारीनंतर पारा चढणारच. दुसरं म्हणजे दिवसाची लांबी. मोझेलवर जूनमध्ये सोळा तास उजेड असतो, आपल्याकडे साडेतेराच्या आत. कमी उष्णतेतही त्यांची पानं जास्त वेळ काम करतात. तिसरं, त्यांची वेल हिवाळ्यात खरोखर झोपते. आपली झोपत नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतो. आणि तोरणमाळचा पावसाळा तू पाहिला आहेसच. जून ते सप्टेंबर पानं ओली. डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाला, आमंत्रणच.

नाशिकची रिस्लिंग मी प्यायलोय. प्रामाणिक वाईन आहे, फळाचा वास छान आहे. पण ती नाशिकची रिस्लिंग आहे. तिच्यात मोझेल शोधू नये आणि नाही सापडली म्हणून तिला नावंही ठेवू नयेत.

शहाद्याचा_निलेश

पण काका, तुम्हीच म्हणालात की हवेची दिशा महत्त्वाची. मग छाटणीच हलवली तर? बागलाणात तुम्ही अर्ली द्राक्ष घेताच ना?

द्राक्षबाग_सटाणा

नेमकं बोललास.

आम्ही अर्ली छाटणी पावसाळ्यातच करतो, आणि माल नोव्हेंबर-डिसेंबरपासून निघायला लागतो. म्हणजे आमचं अर्ली द्राक्ष पारा उतरत असताना पिकतं, अगदी मोझेलसारख्या दिशेनं. अर्लीच्या मण्याला आंबटपणा जास्त टिकतो, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. खायच्या द्राक्षाला ती अडचण ठरते, व्यापारी आंबट म्हणून भाव पाडतो. वाईनला तोच गुण ठरावा.

पण किंमत मोठी आहे. फुलोरा भर पावसात येतो. डाऊनी, घडकुज, मणीगळ, फवारण्यांचा खर्च. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला की सगळं मातीत. खायच्या अर्ली मालाला हंगामाआधीचा भाव मिळतो म्हणून आम्ही तो जुगार खेळतो. वाईनच्या द्राक्षाला करारातला भाव ठरलेला, त्यात हा धोका कोण घेणार? वायनरीनं धोका वाटून घेतला तरच हे होईल. तशी तयारी कुणी दाखवली तर मी काही ओळी द्यायला तयार आहे. मात्र रिस्लिंग नको. तिचे मणी दाटीचे, घड घट्ट, आपल्या पावसात आधी तीच कुजेल. शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनच्या जातीपासून सुरुवात करावी असं म्हणणार होतो, पण तिचाही घड घट्टच असतो. मोकळ्या घडाची, जाड सालीची जात बघावी लागेल.

भुसावळकर

दादा, इथे उलटी काळजी चालू आहे. हवा तापतेय. पूर्वी दर दशकात मोजकेच हंगाम नीट पिकायचे, आता बहुतेक हंगामांत द्राक्ष पिकतं आणि प्रश्न आम्ल टिकवण्याचा झालाय. आईसवाईनसाठी द्राक्ष वेलीवरच उणे ७ अंशांना गोठावं लागतं. २०१९ च्या हंगामात सबंध जर्मनीत कुठेच ती झाली नाही. मार्च उबदार गेला की फूट लवकर येते आणि मग एप्रिलच्या कडाक्यात सापडते. २०२४ च्या एप्रिलमध्ये झार आणि रुवर या मोझेलच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत असंच मोठं नुकसान झालं. ज्या बाजूच्या दऱ्या पूर्वी फार थंड म्हणून कमी प्रतीच्या मानल्या जायच्या, तिकडे आता उत्पादक परत वळतायत. पानं कमी काढून घडावर सावली ठेवतात. हे शास्त्र तुम्हा लोकांना आधीपासून येतं.

द्राक्षबाग_सटाणा

सावलीचं येतं. घडावर उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून आम्ही कागद लावतो, पश्चिमेकडची पानं राखतो. तिकडच्या कुणाला विचारायचं असेल तर विचारा, फोटो पाठवतो. आणि मला त्यांच्याकडून एक हवंय. पिकण्याच्या शेवटच्या सहा आठवड्यांत ते आम्लाची मोजणी किती दिवसांनी करतात आणि मॅलिक-टार्टारिक वेगवेगळं मोजतात का, तेवढं विचारून इथे लिहा. आम्ही नुसता ब्रिक्स मोजत बसतो.

भुसावळकर

विचारतो. तोडीची धांदल संपली की एका ओळखीच्या बागाईतदाराकडे जाणार आहे, तेव्हा ही मोजणी आणि तुमच्या कागदाची पद्धत, दोन्ही त्याच्यापुढे ठेवतो.

सईताई, एक राहिलं. न उघडलेली बाटली उरली असेल तर ती एप्रिलनंतर कपाटात ठेवू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांत महिनाभरातच तिचा वास मरतो. फ्रिजच्या दारातही नको, आत खालच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि प्यायच्या आधी दहाएक मिनिटं बाहेर काढा. फार गार असली तर वासच कळत नाही.